वाचून कायम

देवळसर शहरात पाहण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याचं देवळसरकरांना काही वाटतही नव्हतं. तळं होतं, त्यात पाणी नव्हतं. बगीचा होता, त्यात नगरपरिषदेचे भंगारात निघालेले टँकर उभे असत. मे महिन्यात पारा अठ्ठेचाळीसला टेकला की लोक कूलरपुढं बसून यंदा ऊन जास्त आहे का, हे एकमेकांना विचारत आणि दिवस ढकलत. मग शेजारच्या तालुक्यानं धरणावर काचेचा पूल बांधला, आणि देवळसरची झोप उडाली. आपल्याकडे नाही याचं दुःख या गावाला कधीच नव्हतं. शेजाऱ्याकडे आहे, हे मात्र सहन होण्यासारखं नव्हतं.

ज्योत्स्ना पाचपोर हा सगळा तमाशा सभागृहाच्या कोपऱ्यातल्या टेबलावरून बघत होती. ती नगरपरिषदेत सभा लिपिक होती, म्हणजे सर्वसाधारण सभेत जे घडेल ते इतिवृत्ताच्या पुस्तकात उतरवणारी बाई. साल दोन हजार बेचाळीस उजाडलं होतं, घरोघरी यंत्रं बोलत होती, लिहीत होती, तरी इतिवृत्त मात्र हातानं, शाईनं, बांधीव पुस्तकात लिहायचं हा नियम कोणी बदलला नव्हता, कारण बदलायचा तर आधी तो वाचावा लागला असता. चोवीस वर्षांत चार अध्यक्ष आणि शंभरेक सदस्य तिच्या डोळ्यांपुढून गेले होते. त्यांतल्या एकाबद्दलही तिचं मत बरं नव्हतं.

सभेची रीत ठरलेली. पहिला विषय नेहमी एकच : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचत कोणी नसे. एखादा सदस्य जांभई देत 'कायम' म्हणे, अध्यक्ष सही ठोकत, आणि गेल्या महिन्यात जे ज्योत्स्नानं लिहिलं तेच घडलं होतं असं ठरून जाई. शेवटचा विषय म्हणजे अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय. कोणाच्या नजरेस पडू नये असं जे जे असेल ते तिथं येई. मधल्या वेळात कचोरी येई. ठराव म्हणून सदस्य 'मंजूर' एवढा एकच शब्द बोलत; त्या शब्दामागं दोन पानी मजकूर उभा करणं हे तिचं काम होतं.

अशाच एका ऐनवेळच्या विषयात देवळसरला बर्फ मिळाला. काचेच्या पुलाला तोंडात मारील असं काहीतरी अध्यक्ष विक्रांतभाऊ गावंडे यांना हवं होतं, आणि 'निर्मलबोध' नावाची कंपनी ते द्यायला एका पायावर तयार होती. कंपनीकडून निहार सबनीस नावाचा तरुण आला होता, ज्याला देवळसरच्या उन्हातही घाम येत नसे. त्यानं भिंतीवर चित्र दाखवलं : प्रचंड पांढरा घुमट, आत गुडघाभर बर्फ, घसरगुंड्या, बर्फाच्या भिंतीतली चहाची टपरी. बांधणार कंपनी, वीस वर्षं चालवणार कंपनी, देवळसरच्या रहिवाशांना प्रवेश फुकट. मग आम्ही द्यायचं काय, असं एका सदस्यानं कचोरी खाता खाता विचारलं. सबनीस म्हणाला, शहराचं सांडपाणी.

सभागृह पोट धरून हसलं. वॉर्ड सहाचंही नेणार का, तिकडं वास फार असतो, अशी कोणीतरी चौकशी केली. चौऱ्याऐंशी पानांचा करार कचोरीची दुसरी फेरी येण्याआधी सर्वानुमते मंजूर झाला. ज्योत्स्नानं मात्र तो पानन् पान वाचला होता. त्यात काय आहे ते तिनं कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं नव्हतं, आणि ज्याला सांगावं असं त्या खोलीत कोणी आहे, असंही तिला वाटत नव्हतं.

करारातली गोष्ट साधी होती. माणूस जे खातो, पितो, गिळतो आणि लपवतो, त्या सगळ्याचे अंश त्याच्या शरीरातून बाहेर पडतात. साखर वाढली की लघवीत तिच्या खुणा येतात, गोळी घेतली की गोळीचे तुकडे येतात, दारू प्यालं की यकृतानं तिचं जे काही केलं असेल ते येतं. मोठ्या साथींच्या काळात शहरांच्या गटारांतलं पाणी तपासून रोग कुठं पसरतोय ते शोधलं जाई. पण तेव्हा नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागे आणि उत्तर मिळे ते अख्ख्या शहराचं. निर्मलबोधनं नारळाएवढं यंत्र बनवलं होतं. त्यात केसाहून पातळ पडदा होता आणि पडद्यावर हजारो प्रकारचे कृत्रिम रेणू बसवलेले होते, प्रत्येक रेणू एकाच अंशाला ओळखणारा. तो अंश येऊन चिकटला की पडद्यातला वीजप्रवाह किंचित बदले, आणि यंत्र त्याची नोंद करी. शिवाय प्रत्येक घरातल्या माणसांच्या आतड्यांत जिवाणूंचं जे मिश्रण असतं ते घरागणिक वेगळं असतं, त्यामुळं एका घराचं पाणी दुसऱ्या घराच्या नावावर खपवता येत नसे. घरातलं माणूस नेमकं कोणतं, हे मात्र यंत्राला सांगता येत नव्हतं, कारण एका छपराखाली वर्षानुवर्षं जेवणाऱ्यांचे जिवाणू एकमेकांत मिसळून गेलेले असतात.

ही माहिती विमा कंपन्यांना हवी होती, औषध कंपन्यांना हवी होती, आणि तिच्या बदल्यात देवळसरला बर्फ पडणार होता. गटाराच्या चेंबरात यंत्र बसवताना भाऊंनी प्रत्येक वॉर्डात पूजा घातली. लोक त्या यंत्राला नारळच म्हणू लागले.

भाऊंच्या वडिलांच्या नावानं 'कैलासवासी दादासाहेब गावंडे हिमलोक' हा बर्फाचा घुमट सुरू झाला तेव्हा पहिल्याच आठवड्यात सारं देवळसर आत जाऊन आलं. दारात वापरून परत द्यायचे कोट आणि गमबूट मिळत. ते कोट आदल्या दिवशीच्या घामानं भिजलेले असत आणि लोक नाकाला रुमाल लावून ते अंगात चढवत. ज्योत्स्नाला त्यात नाक मुरडण्यासारखं काही जाणवलं नाही. फुकट मिळतंय तरी यांचे नखरे संपत नाहीत, असं तिला वाटलं. आत पोचल्यावर माणसं बर्फावर झोपून फोटो काढत होती, एकमेकांच्या पाठीत बर्फ कोंबत होती, आणि एका आजींनी घरी न्यायला डबा भरून घेतला होता. ज्योत्स्ना भिंतीशी उभी राहून बघत होती.

तिचा नवरा देवानंद मात्र पोरांसारखा तीनदा घसरून पडला आणि तिन्ही वेळा हसत उठला. तो शाळेची व्हॅन चालवायचा. वीस वर्षं देवळसरची पोरं त्याच्या व्हॅनमधून शाळेत गेली होती. त्यांतल्या काहींची पोरं आता जात होती. सगळे त्याला देवाकाका म्हणत. रस्त्यात कुठंही त्याला थांबवून लोक बोलत आणि तोही बोलत उभा राही, याचा तिला राग यायचा. पण खरं सांगायचं तर साऱ्या देवळसरात ज्याला हसावं असं तिला वाटत नव्हतं, असा तो एकटाच माणूस होता. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेल्यापासून घरात ती दोघंच होती.

दोन वर्षं बरी गेली. नारळ वॉर्डच्या मुख्य चेंबरात होते, अहवाल वॉर्डचा येई. त्यावर गाव चवीनं बोलायचं. वॉर्ड तीन दारूत पहिला आला तेव्हा वॉर्ड तीनच्या पोरांनी फटाके फोडले. सोयरीक जुळवताना मुलीकडचे मुलाची नोकरी विचारण्याआधी वॉर्ड विचारू लागले. तरी कोणाचं नाव येत नव्हतं, तोवर कोणाला त्याची लाज नव्हती.

मग भाऊंना पेंग्विन हवे झाले. काचेच्या पुलावाल्यांनी शहामृग आणले होते. पेंग्विनच्या बदल्यात कंपनीला घरागणिक नोंद हवी होती. हिमलोकात पेंग्विन आले, ऑक्टोबरात 'चाचणी म्हणून' प्रत्येक घराच्या चेंबरात नारळ बसला आणि देवळसरला पहिल्यांदा भीती वाटली. पण हे गाव घाबरलं तरी सभेत जाऊन प्रश्न विचारणारं नव्हतं. त्यानं आपला मार्ग शोधला. वीसेक वर्षांपूर्वी माळ्यावर टाकलेली टमरेलं खाली आली.

पहाटे पाचला जुन्या जिनिंगमागच्या पडीक रानाकडं रांगा लागू लागल्या. घरात दोन-दोन संडास असलेली माणसं, निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतले, सोन्याच्या दुकानातले, टमरेल साडीच्या दुकानाच्या पिशवीत लपवून झपझप चालत. शहराच्या वेशीवर 'हागणदारीमुक्त शहर, राज्यात द्वितीय' असा मोठा फलक होता. आडोसा म्हणून त्याच्यामागं सगळ्यांत जास्त गर्दी होई. नमुने गळू लागले तसा कंपनीनं करारातलं एक कलम दाखवलं : नमुने कमी तर थंडावा कमी. लगेच नगरपरिषदेनं जुनं गुड मॉर्निंग पथक पुन्हा उभं केलं. पूर्वी हेच पथक लोकांना उघड्यावर बसू नका म्हणून शिट्ट्या वाजवत हुसकावी, ते गावाच्या आरोग्यासाठी. आता शिट्ट्या वाजत होत्या पेंग्विनांसाठी.

ज्योत्स्नाची या काळात मोठी करमणूक झाली. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती परतणाऱ्या पिशव्या मोजायची. माणसानं लाज सोडावी ती किती, असं ती देवानंदला म्हणायची. तो हल्ली स्वतःच पहाटे उठून फिरायला जायला लागला होता, डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणे, त्यामुळं चहाच्या वेळी थकलेला असे.

मार्चच्या सभेत ऐनवेळचा विषय क्रमांक चार म्हणून घरनिहाय यादी आली. तीन महिन्यांच्या नमुन्यांवरून बनवलेली ती यादी एप्रिलच्या सभेत इतिवृत्तासह कायम झाली की विमा कंपन्यांकडं आणि वाहन परवान्यांच्या कचेरीत आपोआप पोचणार होती. माहितीची मालक कायद्यानं नगरपरिषद असल्यानं कायम झालेल्या इतिवृत्ताशिवाय कंपनीला ती कुठं देता येत नव्हती. सदस्य 'मंजूर' म्हणाले आणि कचोरीकडं वळले. ठरावाचा मसुदा सबनीसनं ज्योत्स्नाकडं पाठवला, सोबत यादी आणि रोगांची माहिती देणारी छोटी पुस्तिका.

यादी पुस्तकात उतरवता उतरवता तिचा हात थांबला. मालमत्ता क्रमांक एकशे सतरा. तिचं स्वतःचं घर. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं : कंपवात, प्रारंभिक.

तिनं पुस्तिका उघडली. कंपवाताची सुरुवात पुष्कळदा मेंदूत होत नाही, आतड्यात होते, असं तिथं सोप्या भाषेत लिहिलं होतं. मज्जातंतूंमधलं एक प्रथिन चुकीच्या पद्धतीनं दुमडलं जातं. एक दुमडलं की ते शेजारच्याला दुमडायला लावतं, आणि ही रांग वर्षानुवर्षं चालत चालत मेंदूपर्यंत पोचते. हात थरथरायला लागतो तो फार उशिरा. त्याआधी कित्येक वर्षं नारळाला त्या प्रथिनाचे तुकडे सापडतात. हात थरथरण्याआधी सुरू केल्या तर रोग रोखणाऱ्या गोळ्या आता निघाल्या होत्या. खाली बारीक टाइपात आधीची लक्षणं दिली होती. ती तिनं वरवर पाहिली, कारण तिला समोर एकच गोष्ट दिसत होती. देवानंदच्या वडिलांचे हात म्हातारपणी थरथरत. त्यांना पाणीसुद्धा तीच पाजायची.

यादी गेली की विमा नाकारला जाणार, विम्याशिवाय शाळेच्या व्हॅनचा परवाना राहणार नाही. आज ठणठणीत असलेला देवानंद एका रकान्यापायी ओट्यावर बसून राहील आणि सकाळी दुसऱ्याच कोणाची तरी व्हॅन हॉर्न वाजवत गल्लीतून जाईल. हे तिला बघवलं नसतं. त्याला सांगावं, दवाखान्यात न्यावं, हेही मनात आलं. पण तो साधा माणूस, पहिल्याच थांब्यावर पोरांच्या आयांना सांगून मोकळा झाला असता. आधी यादी थांबवू, मग सांगू, असं तिनं ठरवलं.

त्या आठवड्यात ती चोरून त्याच्याकडं बघत राहिली. तो कप धरतो कसा, चप्पल घालताना वाकतो कसा. एकदा ती ओट्याशीच उभी राहून विचार करत असताना अंगणातून त्याची हाक आली, भाजी लागली वाट्टे. पातेल्याचा तळ काळा झाला होता. तुम्हीच उतरवायची होती मग, असं म्हणून तिनं गॅस बंद केला. त्याच्या चालण्यात तिला मंदपणा दिसला, त्याच्या गप्प बसण्यातही दिसला. शोधणाऱ्याला जे हवं ते सापडतंच, तसं तिला सगळं सापडलं.

एकशे सतरावर शाई फिरवून भागणार नव्हतं. कंपनीकडं प्रत होती आणि एक खोडलेली ओळ लगेच डोळ्यांवर आली असती. अडवायची तर सगळीच यादी अडवायला हवी होती. तिनं सबनीसचा मसुदा जसाच्या तसा उतरवला आणि शेवटी आपल्या पदरच्या तीन ओळी घातल्या : लोकप्रतिनिधींनी आदर्श घालून द्यावा या हेतूने पहिल्या टप्प्यात सर्व सन्माननीय सदस्यांच्या घरांची यादी हिमलोकच्या प्रवेशद्वारावर प्रसिद्ध करावी. सदर टप्पा सलग तीस दिवसांच्या नमुन्यांनी पूर्ण व्हावा. तो पूर्ण झाल्याशिवाय नागरिकांची यादी कोणासही देऊ नये. सूचक, विक्रांतभाऊ गावंडे. सर्वानुमते मंजूर.

सत्तावीस वर्षांत तिनं एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. लिहिताना तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

एप्रिलच्या सभेत पुस्तक भाऊंपुढं गेलं. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, तेव्हा ज्योत्स्नानं पेन खाली ठेवलं. वर्षानुवर्षं ज्यानं पान उघडलं नव्हतं तो माणूस आज वाचतोय असं तिला वाटलं.

"मॅडम, तुमचं अक्षर दिवसेंदिवस मुंगीएवढं होऊन राह्यलं," भाऊ म्हणाले. "भिंग आनावं लागन आता."

शाई कमी आणतात हो साठ्यातून, असं ती म्हणाली. सभागृह हसलं. कोणीतरी 'कायम' म्हणालं आणि भाऊंनी सही ठोकली.

माणसांना न दिसलेलं अक्षर कंपनीच्या यंत्राला बरोबर दिसलं. त्यानं पुस्तकाची पानं टिपली, ठराव वाचला आणि जसं लिहिलं तसं केलं, कारण यंत्राला कचोरी लागत नाही. पुढच्या रविवारी हिमलोकच्या दारावरच्या मोठ्या पडद्यावर सव्वीस घरं झळकली. नशामुक्ती समितीचे सभापती रोज किती घेतात ते आलं. स्वतः भाऊंच्या घरी झोपेच्या गोळ्या, साखर आणि केस वाढवण्याचं एक बंदी असलेलं औषध सापडलं. कोट घालून उभं असलेलं गाव मान वर करून वाचत होतं. देवळसरनं एवढ्या मनापासून आयुष्यात पहिल्यांदाच काही वाचलं असेल.

भाऊंनी ठराव रद्द करायचं मनात आणलं. पण कायम झालेला ठराव रद्द करायचा तर आधी तो सभेत मोठ्यानं वाचायचा, असा नियम होता, आणि मी सही केली तेव्हा वाचलं नव्हतं हे भर सभेत कबूल करायची कोणाची तयारी नव्हती. मग सन्माननीय सदस्यांनीही गावाचाच मार्ग धरला. ते नमुनाच देईनात. सलग तीस दिवस काही भरेनात आणि पहिला टप्पा काही संपेना. एका पहाटे गुड मॉर्निंग पथकानं फलकामागं शिट्टी वाजवली तेव्हा खुद्द अध्यक्ष टमरेल हातात घेऊन उभे राहिले, आणि पथकातल्या शिपायांनी सवयीनं सलाम ठोकला.

नमुने गळाले, थंडावा उतरला. मे महिना लागताच हिमलोकमध्ये बर्फाचा चिखल झाला आणि पेंग्विनांना कंपनीनं ट्रकनं परत नेलं. तेव्हा कुठं देवळसरनं मोर्चा काढला. घराघरातलं गुपित कोणी विकलं, हे विचारायला नव्हे. बर्फ का वितळला, हे विचारायला. ज्योत्स्ना खिडकीतून ते बघून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

घरी जाऊन देवानंदला सगळं सांगायची वेळ आता आली होती. शाळा संपायला दोन दिवस उरले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो अंगणात व्हॅन धूत होता. ती पायरीवर बसली आणि सगळं सांगून टाकलं : एकशे सतरा, पुस्तिका, तीन ओळी, भाऊंची सही. परवाना सुरक्षित आहे, यादी आता कुठं जात नाही, तुम्ही फक्त शांतपणे गोळ्या सुरू करा, असं ती म्हणाली. त्याच्यासाठी तिनं काय केलं हे त्याला कळावं, एवढं तिला वाटत होतं.

देवानंदनं पाण्याचा नळ बंद केला. पाइप गुंडाळून ठेवला.

"ज्योत्स्ना, मी तं ऑक्टोबरपासून घरच्या संडासात बसलोच नाई," तो म्हणाला. "आमी सारे व्हॅनवाले जिनिंगमागंच जातो. परवान्याची भीती. तू हासशीन म्हनून फिरायला जातो सांगतलं."

तिला आधी काही उमगलं नाही. यादी डिसेंबर ते फेब्रुवारीच्या नमुन्यांची होती. घरात माणसं दोन, आणि त्यांतलं एक ऑक्टोबरपासून रानात जात होतं.

"भाजी लागते तं तुले वास येत नाई," तो खालच्या आवाजात बोलत राहिला. "हिमलोकात सारं गाव कोटाच्या वासानं मरून राह्यलं होतं, तू एकटी आरामात उभी. मले तवाच वाटलं होतं. पन तुले सांगाव कसं? तुले कोनी काई सांगितलेलं चालत नाई."

ती म्हणाली, असं काही नाही, मला काही होत नाही. व्हॅनच्या मागच्या काचेवर अजून धुळीचा जाड थर होता, तो तिकडं बोट दाखवून म्हणाला, नाव लिही तुझं, पूर्ण.

ती उठली. काचेवर बोटानं तिनं आपलं नाव लिहिलं, जसं ती सत्तावीस वर्षं पानाखाली लिहीत आली होती. ज्योत्स्ना चांगलं टपोरं आलं. देवानंद त्याहून बारीक आलं. पाचपोरपर्यंत येता येता अक्षरं इतकी आक्रसली की शेवटचा र तिचा तिलाच दिसेना. तिनं पुन्हा खाली लिहून पाहिलं, ठरवून मोठं लिहिलं, आणि तेही शेवटाला तसंच लहान होत गेलं. पुस्तिकेतली ती बारीक टाइपातली ओळ तिला आता आठवली : वास कमी होणे, अक्षर लहान होत जाणे. तिनं ती पाहिली होती, वाचली नव्हती.

दोन महिने ती त्याच्या कपाकडं बघत बसली होती. गोळ्या सुरू करायचे दोन महिने तिनं आपल्या हातानं घालवले होते, तेही मोठ्या हुशारीनं. या गावात कोणी वाचत नाही म्हणून तिनं जन्मभर त्याला नावं ठेवली, आणि स्वतःच्या घराची एकच ओळ समोर आली तेव्हा तिनंही न वाचताच ती दुसऱ्याच्या नावावर कायम करून टाकली होती. तिला लाज वाटली. अशी लाज तिला यापूर्वी कधी वाटली नव्हती, आणि ती कोणापुढं बोलून दाखवायची हेही तिला माहीत नव्हतं.

"आजून हात थरथरत नाई ना?" देवानंदनं विचारलं.

तिनं हात पुढं धरला. तो स्थिर होता. देवानंदनं तो आपल्या ओल्या हातात घेतला, नीट उलटासुलटा करून पाहिला आणि मान हलवली.

मग त्यानं फडका पिळून काचेवरून फिरवला, मोठं नाव आणि लहान नाव दोन्ही पुसली गेली. पोरांना शाळेत सोडतो आणि तसेच अकोल्याला डॉक्टरकडं जाऊ, असं तो म्हणाला. तिला आज सभा होती. ती तसं म्हणालीसुद्धा. त्यावर त्यानं पुढचं दार उघडलं आणि धरून उभा राहिला. पहिल्या थांब्यावर सात पोरं चढली आणि देवाकाकाच्या शेजारी आज काकू का बसली, म्हणून सगळ्यांनी एकदम विचारलं. देवानंद म्हणाला, काकूले दवाखान्यात न्यायचं आहे. असा तो पहिल्याच थांब्यावर सांगून मोकळा झाला, आणि ज्योत्स्नाला त्याचा राग आला नाही.